अतिसंपन्न यंत्राचे दुखणे

जुने खेळ त्यांच्याच काळच्या यंत्रावर खेळावेत, ग्राफिक्स कार्ड आणि साउंड कार्डही त्याच पिढीचे असावे, अशा हौसेने जो गृहस्थ पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीचा संगणक पुन्हा मांडून बसतो, तो बहुधा विंडोज ९८च्या द्वितीय आवृत्तीची निवड करतो. आणि ती निवड सर्वथा उचित आहे. १९९९ साली निघालेल्या या प्रणालीच्या पोटात डॉस अद्याप जिवंत असल्यामुळे १९९३चा 'डूम' आणि थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डासाठी पुढे लिहिले गेलेले खेळ, असे दोन्ही मुलूख एकाच अंमलाखाली येतात. ११ जुलै २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यावरील देखरेख थांबवली. तेव्हापासून तिच्या तक्रारींचा निवाडा ज्याचा त्यानेच करावयाचा आहे.

जुने यंत्र म्हटले की त्याचे दारिद्र्यच डोळ्यांपुढे येते, परंतु प्रत्यक्षात ही प्रणाली अडून बसते ती बहुतेक वेळा विपुलतेमुळे. त्या काळी जे परवडले नाही ते आज कवडीमोलाने मिळते, म्हणून हौशी माणूस एक-दीड गिगाबाइट मेमरी ठासून भरतो. आणि विंडोज सुरू होण्याच्या ऐन क्षणी काळ्या पडद्यावर मजकूर उमटतो की मेमरी अपुरी आहे, सबब अनावश्यक प्रोग्राम काढून टाकावेत! हा सल्ला शिरोधार्य मानून जो कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या फायली झाडून काढीत बसतो, त्याची सारी संध्याकाळ फुकट जाते. दोष असतो व्हीकॅश या घटकाचा. डिस्कवरून वाचलेला मजकूर हाताशी राखून ठेवणे हे त्याचे काम. त्यासाठी तो यंत्रातील एकूण मेमरी मोजतो आणि आपल्या कमाल विस्ताराला पुरतील इतके पत्ते आरंभीच अडवून ठेवतो. प्रणालीच्या अंतर्गत कारभारासाठी नेमून दिलेला पत्त्यांचा प्रदेश मात्र अवघा एक गिगाबाइटचा, आणि एजीपी ग्राफिक्स कार्डाची वाटणीही त्यातूनच निघायची. पीक उदंड आले म्हणून घरभर कणग्या उभाराव्यात आणि माणसांना निजायला जागा उरू नये, तसा हा प्रकार. उपाय एका ओळीचा आहे: डॉस प्रॉम्प्टवर जाऊन 'एडिट'ने सिस्टिम डॉट आयएनआय उघडावी आणि व्हीकॅशच्या शीर्षकाखाली 'मॅक्सफाइलकॅश=२६२१४४' असे लिहावे. हा आकडा किलोबाइटचा, म्हणजे २५६ मेगाबाइटची हद्द झाली.

डिस्कचेही तेच. डिस्कचे विभाग पाडणारा मूळचा एफडिस्क ६४ गिगाबाइटच्या वरच्या डिस्कचे माप चुकवतो आणि ८० गिगाबाइटची डिस्क जेमतेम दहाची दाखवतो. त्याहून घातक मर्यादा १३७ गिगाबाइटची: मूळ ड्रायव्हर २८ बिटांपलीकडचा पत्ता जाणत नसल्यामुळे त्यापुढे लिहिलेला मजकूर निमूटपणे डिस्कच्या आरंभी जाऊन पडतो आणि तेथील फाइलींची नोंदवहीच पुसून टाकतो. विंडोज ९५च्या नशिबी तर वेगही आला. एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झ वा अधिक वेगाच्या के६-२ प्रोसेसरवर कालमापनाचे आवर्तन इतक्या झटपट संपे, की लागलेला वेळ शून्य भरे. शून्याने भागाकार होई आणि यंत्र जागच्या जागी थांबे.

अशा प्रसंगी डिस्क कोरी करून सर्व काही पुन्हा उतरवण्याची जी रीत पडली आहे, ती मला आळसाची वाटते. आरंभी एफ८ दाबून नोंदीसह सुरुवात करण्याचा पर्याय निवडला, की बूटलॉग नावाच्या फायलीत प्रत्येक ड्रायव्हरची हजेरी लागते; जेथे लोड सुरू झाल्याची नोंद आहे पण ते पुरे झाल्याची नाही, तेथे संशयाला जागा असते.

खरी टंचाई भेटते ती डॉसच्या खेळांत, आणि तीही आवाजाच्या बाबतीत. साउंड कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी इंटरप्टचा क्रमांक लागतो; असे क्रमांक अवघे सोळा, त्यांतले बरेचसे घड्याळ, कीबोर्ड, डिस्क यांनी आधीच पटकावलेले. साउंड ब्लास्टर १६चा रिवाजी पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. हे तिन्ही ऑटोएक्झेकमधील ब्लास्टरच्या ओळीत नोंदवून खेळाच्या सेटअपमध्येही तसेच सांगावे लागतात. इंटरप्ट चुकला की बंदुकीचा पहिला बार अर्धवट फुटतो आणि तोच तुकडा अखंड घुमत राहतो. पाच क्रमांक दुसऱ्या कार्डाने बळकावलेला असल्यास सात घ्यावा. त्यावर हक्क प्रिंटर पोर्टचा असतो खरा, पण या यंत्रावरून कोणी काही छापणार नसते, तेव्हा बायोसमध्ये जाऊन तो पोर्ट खुशाल बंद करावा.