समीकरण लिहायचे तरी कशाने?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणिती समीकरणे टाइप करण्याच्या साधनांवर लेख लिहावा, हे ऐकून काही मित्र हसले. पण अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता आहे, संख्याशास्त्रात प्रमाण विचलन आहे आणि आमच्या भूगोलात तर खाऱ्या पाण्याचे गणितच आहे!

संग्रामपूर तालुक्याचा बराचसा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी पिकाला द्यावे की नाही, हे पाहताना सोडियम अधिशोषण गुणोत्तर काढतात. ते वाढले की जमीन घट्ट होते, पाणी आत मुरत नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज करायची, तिला २ ने भागायचे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याने सोडियमला भागायचे. वहीत हे सूत्र दुमजली दिसते. टायपिंगच्या दुकानातून आमच्या प्रकल्पाची प्रत आली तेव्हा ते असे झाले होते:

सोडियम / √कॅल्शियम + मॅग्नेशियम / २

सोयीसाठी सोडियम १२, कॅल्शियम ४ आणि मॅग्नेशियम ४ धरा. खरे उत्तर ६ येते. वरची ओळ दिसते तशी वाचली तर ८! एवढ्या फरकाने एखाद्या विहिरीविषयीचे मत बदलू शकते. एकच सूत्र असेल तर कंस घालूनही भागते, हे खरे; पण कंसात कंस आले की वाचणारा कंटाळतो.

म्हणून साधन निवडावे लागते. माझ्या मते पहिला प्रश्न गणिताचा नसून मराठीचा आहे. मजकूर युनिकोडमध्ये आहे का? जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात. तिथे समीकरणाची काय कथा! दुसरा प्रश्न असा की, सूत्र पुढे दुरुस्त करता येईल का? सूत्राचे चित्र चिकटवणे सोपे, पण त्यातला एक आकडा बदलायचा तर सगळे पुन्हा करावे लागते.

वर्डमध्ये ऑल्ट कळ दाबून बरोबरचे चिन्ह दाबले की समीकरणाची चौकट उघडते. अपूर्णांक, मूळ, घातांक यांचे तयार साचे तिथे मिळतात. मात्र वर्डमधला जुना समीकरण-संपादक सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आला. त्यामुळे आधीच्या विद्यार्थ्यांच्या फाइलींतली सूत्रे दिसतात, पण त्या संपादकाने दुरुस्त करता येत नाहीत. लिब्रेऑफिस फुकट आहे. त्यात सूत्र शब्दांनी सांगावे लागते. भागाकारासाठी 'ओव्हर' हा शब्द लिहायचा, मराठी शब्द अवतरणचिन्हांत ठेवायचे. दोन दिवसांत हात बसतो.

तिसरे साधन लाटेक. याचे मूळ टेक. डोनाल्ड नुथ या अमेरिकन प्राध्यापकांना १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी खटकली, की त्यांनी अक्षरजुळणीची आज्ञावलीच लिहायला घेतली. पुस्तक राहिले बाजूला, वर्षे गेली आज्ञावलीत! तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक रचले. देवनागरीची सोय त्यात पुढे अधिक सुकर झाली ती २००४ मध्ये आलेल्या झीटेकमुळे. युनिकोड मराठी त्यात सरळ लिहिता येते. लाटेकइतके देखणे सूत्र मी दुसरीकडे पाहिले नाही. पण एक कंस सुटला तरी पान अडते, आणि चूक कुठे ते इंग्रजीत कळते.

चाळीस पानी प्रकल्पात चार-पाच सूत्रे असणाऱ्या आपल्यासारख्यांनी वर्ड किंवा लिब्रेऑफिस घ्यावे. लाटेक शिकण्याचे कष्ट पानोपानी समीकरणे असणाऱ्यांनाच परवडतील. काहीही घ्या, दुकानात छपाईला देताना पीडीएफ द्या आणि मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा. छापून आल्यावर प्रत्येक सूत्रात साधे आकडे घालून उत्तर एकदा ताडून पाहा. आम्ही १२, ४, ४ घातले, म्हणूनच ते ८ सापडले.