वेधशाळेचे आयुष्य

इस्लामी जगतात विज्ञानाचा उदय कसा झाला आणि पुढे तो प्रवाह क्षीण का झाला, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा धर्माच्या अंगाने होते. एक पक्ष त्या धर्मातच ज्ञानाची प्रेरणा पाहतो, दुसरा त्यातच ज्ञानाचा शत्रू पाहतो, आणि दोघांनाही आपापल्या मताला पोषक अशी वचने व उदाहरणे विपुल सापडत असल्यामुळे वाद जेथल्या तेथेच राहतो. या प्रश्नाकडे जाण्याचा अधिक भरवशाचा मार्ग, माझ्या मते, वेधशाळांच्या इतिहासातून जातो. वेधशाळा कोणी बांधली, तिच्या खर्चाची तरतूद कोणत्या उत्पन्नातून झाली, तेथे कोणाकोणाला तनखा मिळत होता आणि ती किती वर्षे चालली, या गोष्टींचा पुष्कळसा पुरावा शिल्लक आहे. आणि तो एकत्र मांडला की विज्ञानाच्या उत्कर्षापकर्षाचे कारण धर्मग्रंथांच्या पानांपेक्षा खजिन्याच्या दप्तरात अधिक स्पष्टपणे वाचता येते.

या परंपरेचा आरंभ भारताच्या ऋणापासून होतो. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, खलीफा मन्सूर याच्या कारकिर्दीत, एक संस्कृत सिद्धांतग्रंथ बगदादला पोचला व ‘सिंदहिंद’ या नावाने अरबीत उतरला. अल-ख्वारिज्मीने आपली ग्रहकोष्टके त्याच्याच आधारे रचली. पुढे ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीचा ग्रंथ अरबीत आला, आणि दोन परंपरांची कोष्टके एकमेकींशी जुळत नाहीत हे ध्यानी येताच आकाशालाच विचारण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. खलीफा मामून याने 828 च्या सुमारास बगदादच्या शम्मासिया भागात आणि नंतर दमास्कसजवळच्या कासियून टेकडीवर वेध घेण्याची व्यवस्था केली. पण 833 मध्ये तो निवर्तला आणि ते कार्यही तेथेच थांबले. रक्का येथे अल-बत्तानीने 877 पासून 918 पर्यंत जे वेध घेतले, आणि ज्यांचा आधार पुढे कोपर्निकसने घेतला, ते एका व्यक्तीच्या चिकाटीचे फळ होते. इस्फहानला सेल्जुक सुलतान मलिकशाह याने 1074 मध्ये वेधशाळा उभारली; उमर खय्याम तेथील ज्योतिर्विदांपैकी एक होता आणि इराणी सौर पंचांगाची सुधारणा त्याच मंडळाने केली; 1092 मध्ये मलिकशाह वारला आणि वेधशाळा बंद पडली. आश्रयदाता आणि वेधशाळा यांचे आयुष्य एकच, असा हा क्रम दिसतो.

तो क्रम प्रथम मोडला तो मराघा येथे, आणि तोही अशा माणसाच्या हाताने की ज्याच्याकडून ज्ञानाच्या उपासनेची अपेक्षा कोणीच केली नसती. चंगीझखानाचा नातू हुलागू याने 1256 मध्ये अलमूतचा किल्ला घेतला आणि 1258 च्या फेब्रुवारीत बगदाद धुळीस मिळवले. अलमूतला इस्माइली सत्ताधीशांच्या पदरी असलेला नसीरुद्दीन तुसी हा गणिती त्याच्या हाती लागला. हुलागूची फलज्योतिषावर श्रद्धा होती आणि तुसीला वेधांची तळमळ होती. त्या दोहोंच्या संयोगातून उर्मिया सरोवराच्या पूर्वेस, मराघा शहराबाहेरच्या टेकडीवर, 1259 मध्ये वेधशाळेचे बांधकाम सुरू झाले. तुसीने आपल्या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे की सर्व ग्रहांचे फेरे पुरे होईतो, म्हणजे निदान तीस वर्षे, वेध घेतल्याशिवाय नवी कोष्टके रचता येत नाहीत, असे त्याने सांगितले असता बारा वर्षांत काम उरकण्याचा यत्न व्हावा, अशी आज्ञा झाली. शनीला आकाशाची एक प्रदक्षिणा करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात आणि गुरूला सुमारे बारा. शास्त्राची गरज आणि राजाची उतावीळ यांमधले अंतर इतक्या नेमक्या आकड्यांत क्वचितच मांडले गेले असेल.

परंतु तुसी केवळ गणिती नव्हता, तो कारभारीही होता. राज्यातील वक्फांची देखरेख त्याच्याकडे सोपवली गेली होती, आणि त्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा वेधशाळेकडे लावून दिला होता, असे जुने इतिहासकार लिहितात. वक्फ म्हणजे धर्मकार्यासाठी वा लोकोपयोगासाठी कायमची अलग काढून ठेवलेली मिळकत. ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही, आणि देणाऱ्याच्या मृत्यूने संपत नाही. तोवर मशिदी, मदरसे, दवाखाने यांना ती मिळत असे; वेधशाळेला मात्र राजाच्या मर्जीवर जगावे लागे. मराघ्याला हे स्थैर्य लाभले म्हणूनच हुलागू 1265 मध्ये आणि तुसी 1274 मध्ये गेल्यावरही तेथील काम चालू राहिले, तुसीच्या पुत्रांनी कारभार पाहिला, आणि चौदाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वेधशाळा जिवंत होती. तेथील मंडळी पाहिली म्हणजे मन थक्क होते: यंत्रे घडवणारा दमास्कसचा उर्दी, शीराझचा कुत्बुद्दीन, पश्चिमेकडील मगरिबातून आलेला मुहियुद्दीन, एक चिनी पंडित, आणि 1268 मध्ये तेथे युक्लिडवर व्याख्याने देणारा सीरियन ख्रिस्ती धर्माधिकारी बार हेब्रेयस. ज्या राजाने बगदादची राख केली, त्याच्याच आश्रयाने ही सभा जमली होती. इतिहासाचे हे विसंगत रूप जसे आहे तसेच पत्करावे लागते.

मराघ्याची खरी कीर्ती कोष्टकांपेक्षा विचारात आहे. टॉलेमीच्या ग्रहगणितात ग्रहाची गती वर्तुळाच्या केंद्राऐवजी एका बाजूच्या बिंदूभोवती सम मानली होती. आकडे जुळत, पण वर्तुळाची सम गती हे मूळ तत्त्वच त्यामुळे भंगत असे. तुसीने दाखवले की एका वर्तुळाच्या आत त्याच्या निम्म्या व्यासाचे दुसरे वर्तुळ फिरवले, तर लहान वर्तुळाच्या परिघावरचा बिंदू मोठ्याच्या व्यासावर सरळ रेषेत ये-जा करतो. म्हणजे दोन वर्तुळगतींतून सरळ गती निर्माण करता येते, आणि त्या युक्तीने टॉलेमीचा तो दोष टाळता येतो. 1543 च्या कोपर्निकसच्या ग्रंथात हीच युक्ती आहे. दमास्कसच्या इब्न अल-शातिरने चौदाव्या शतकात चंद्रगतीची जी रचना सिद्ध केली तीही कोपर्निकसच्या रचनेशी जुळते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास संशोधकांच्या नजरेस आले. ही ज्ञानसामग्री युरोपात कोणत्या वाटेने गेली याविषयी विद्वानांत वाद आहे. साम्याविषयी तो नाही.

आणि येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. इब्न अल-शातिरला कोणत्याही सुलतानाने वेधशाळा बांधून दिली नव्हती. तो उमय्यद मशिदीचा मुवक्कित, म्हणजे नमाजाच्या वेळा ठरवणारा अधिकारी, होता. हे पद वक्फाच्या उत्पन्नातून चाले, त्याला छायायंत्रांची व त्रिकोणमितीची गरज असे, आणि राज्य कोणाचेही आले तरी मशिदीला वेळ सांगणारा हवाच असे. धर्मसंस्थेच्या या लहानशा पण खात्रीच्या चाकरीत बसून त्या माणसाने आपल्या काळातील सर्वांत सूक्ष्म ग्रहगणित निर्माण केले. धर्म आणि विज्ञान यांचा झगडा इस्लामी जगतात अटळ होता असे म्हणणाऱ्याने या पदाचा विचार केलाच पाहिजे.

समरकंदची कहाणी याहून तेजस्वी आणि याहून दुःखद आहे. तैमूरलंगाचा नातू उलुग बेग हा स्वतःच गणिती होता. त्याने समरकंदला 1420 च्या सुमारास मदरसा पुरा केला आणि त्याच दशकात शहराबाहेरच्या टेकडीवर तीन मजल्यांची वर्तुळाकार वेधशाळा उभारली. तिच्या मध्यभागी दक्षिणोत्तर रेषेवर सुमारे 40 मीटर त्रिज्येचा संगमरवरी कंस होता, ज्याचा खालचा भाग टेकडीच्या खडकात खोदलेला होता. मध्यान्ही उंचावरच्या छिद्रातून येणारी सूर्याची प्रतिमा त्या कंसावर पडे आणि तिच्या स्थानावरून सूर्याचा उन्नतांश वाचता येई. एवढे प्रचंड यंत्र बांधण्याचे कारण भूमितीत आहे: त्या कंसावर एक अंश सुमारे 70 सेंटिमीटर लांब होता आणि एक कला एक सेंटिमीटरहून थोडी मोठी, त्यामुळे हातातल्या यंत्रावर जो भाग डोळ्याला दिसूही शकत नाही तो येथे खुणा करून मोजता येत असे. उत्तरायणारंभी व दक्षिणायनारंभी घेतलेल्या उन्नतांशांतील फरकाचे निम्मे म्हणजे क्रांतिवृत्ताची तिर्यकता. समरकंदला ती 23 अंश 30 कला 17 विकला आली, आणि आजच्या गणिताने त्या काळासाठी येणाऱ्या मूल्याशी तिचा फरक अर्ध्या कलेच्या आसपासच आहे. नाक्षत्र वर्षाचे त्यांचे मान, 365 दिवस 6 तास 10 मिनिटे 8 सेकंद, एका मिनिटाहून कमी चुकते.

काशानहून आलेला जमशीद अल-काशी या मंडळाचा मुकुटमणी. त्याने 1424 मध्ये वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत काढले, आणि ती अचूकता ओलांडण्यास युरोपला सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले. आपल्या वडिलांना लिहिलेल्या त्याच्या पत्रात या दरबाराचे प्रत्यक्ष दर्शन घडते: सुलतान स्वतः विद्वानांत बसतो, वाद घालतो, आणि मुद्दा पटल्यावाचून कोणी भिडेखातर होकार द्यावा हे त्याला मान्य नसते. 1437 मध्ये झिज-इ-सुलतानी सिद्ध झाला, जो आपल्याकडील करणग्रंथांच्या जातीचा पण त्यांहून विस्तृत असा कोष्टकग्रंथ आहे. त्यात 1018 ताऱ्यांची स्थाने असून त्यांतील बहुतेक नव्याने वेध घेऊन निश्चित केली होती.

1447 मध्ये पिता शाहरुख वारला, उलुग बेग राज्यकलहात ओढला गेला, आणि 1449 च्या ऑक्टोबरात खुद्द पुत्र अब्दुल लतीफ याच्या संमतीने त्याचा शिरच्छेद झाला. 1941 मध्ये समरकंदच्या गूर-इ-अमीर या मकबऱ्यातील कबर उघडली गेली तेव्हा अस्थींनीच त्याची साक्ष दिली. वेधशाळा उजाड झाली, दगड लोकांनी नेले, आणि जागाही विस्मृतीत गेली. व्यात्किन या रशियन संशोधकाला 1908 मध्ये ती सापडली, आणि तीही एका जुन्या वक्फपत्रात त्या जमिनीचा उल्लेख मिळाला म्हणून. त्या मंडळातील अली कुश्जी कोष्टके घेऊन भटकत अखेर इस्तंबूलला पोचला व 1474 मध्ये तेथेच वारला. ज्ञान माणसांच्या पाठीवरून प्रवास करून वाचले. संस्था वाचली नाही.

इस्तंबूलची वेधशाळा तर तीन वर्षेही पुरी टिकली नाही. तकीउद्दीन या ज्योतिर्विदाने तिसऱ्या मुराद सुलतानाच्या आश्रयाने ती 1577 मध्ये सुरू केली आणि यांत्रिक घड्याळाचा वेधासाठी उपयोग केला. 1577 च्या धूमकेतूवरून त्याने शुभ भविष्य वर्तवले. त्यानंतर राज्यात विपरीत घटना घडल्या, दरबारातील एका पक्षाने व शेख-उल-इस्लाम, म्हणजे राज्याचा मुख्य धर्माधिकारी, याने आक्षेप घेतला, आणि 1580 च्या जानेवारीत सुलतानाच्या हुकमाने ती पाडण्यात आली. हा प्रसंग धर्मवेडाचे उदाहरण म्हणून सांगण्याची चाल आहे आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण फलज्योतिषाच्या भरवशावर उभी केलेली वेधशाळा भाकीत फसताच कोसळते, आणि दरबारी मत्सराला धर्माची भाषा नेहमीच हाताशी असते, हेही तितकेच खरे. त्याच वर्षांत डेन्मार्कच्या ह्वेन बेटावर ट्यूको ब्राहेची वेधशाळा राजाच्या कृपेवर चालली होती. कृपा आटताच 1597 मध्ये त्याला देश सोडावा लागला व ती वास्तूही पुढे नष्ट झाली. भेद एवढाच की त्याचे वेध केप्लरच्या हाती आले आणि 1627 मध्ये त्यांतून नवी कोष्टके छापून निघाली. पुढे पॅरिसला 1667 मध्ये व ग्रीनिचला 1675 मध्ये ज्या वेधशाळा स्थापन झाल्या त्या राज्याच्या स्थायी खात्यांप्रमाणे राजामागून राजा चालत राहिल्या. सतराव्या शतकात युरोप पुढे गेला याचे एक मोठे कारण मला येथे दिसते. बुद्धी समरकंदला कमी नव्हती.

इस्लामी देशांत अशा स्थायी संस्था पुढे आल्या, पण उशिरा. इस्तंबूलला 1868 मध्ये सरकारी वेधशाळा निघाली, 1909 च्या बंडात तिची नासधूस झाली, आणि 1911 पासून कांदिल्ली येथे ती पुन्हा उभी राहून आजही हवामानाचे व भूकंपाचे काम करते. इजिप्तने हेल्वान येथे वेधशाळा चालवली, आणि 1964 मध्ये कोत्तामिया येथे 1.88 मीटर व्यासाची दुर्बीण बसवली. इराणने काशानच्या परिसरातील गरगश पर्वतावर, सुमारे 3,600 मीटर उंचीवर, 3.4 मीटर व्यासाची दुर्बीण उभारली असून 2022 मध्ये तिने पहिली छायाचित्रे घेतली.

या परंपरेचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व काशी येथे यंत्रे बांधली ती समरकंदची कोष्टके समोर ठेवूनच, आणि उज्जैनच्या यंत्रांचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने 1923 मध्ये केला. जयसिंहाच्या पदरी असलेले सम्राट जगन्नाथ पंडित, जे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते असे परंपरा सांगते, त्यांनी तुसीच्या अरबी युक्लिडावरून ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि टॉलेमीच्या ग्रंथाच्या तुसीकृत संस्करणावरून ‘सिद्धांतसम्राट’ सिद्ध केला. ‘रेखागणित’ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत 1901 व 1902 मध्ये दोन खंडांत छापला गेला असून जुन्या ग्रंथसंग्रहालयांत तो पाहावयास मिळतो. ग्रीक भाषेत रचलेला, तुसीने अरबीत संस्कारलेला आणि जगन्नाथांनी संस्कृतात आणलेला हा ग्रंथ आपल्या गणिताच्या शिक्षकांनी एकदा तरी उघडावा, त्यातील एखादी सिद्धता वर्गात फळ्यावर मांडावी, आणि ती कोणकोणत्या हातांतून आपल्यापर्यंत आली हे विद्यार्थ्यांना नावानिशी सांगावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.