न पाहता केलेली दुरुस्ती

घरातला बिघाड बहुधा आधी ऐकू येतो. पंखा कुरकुरू लागतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर ‘टक्’ करून पुन्हा गप्प होतो, नळ रात्रभर टपटपतो. डोळस माणूसही मेकॅनिकला फोनवर ‘आवाज बदललाय’ एवढेच सांगतो. त्यामुळे दोष ओळखण्याच्या पहिल्या टप्प्यावर अंध आणि डोळस यांच्यात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो वस्तू उघडल्यावर. तारांचे रंग, सुट्या भागावर छापलेला बारीक आकडा आणि हातातून निसटून पलंगाखाली गेलेला स्क्रू या तिन्हींसाठी डोळे लागतात. अंध व्यक्तीची घरगुती दुरुस्ती म्हणजे मुख्यतः या तीन अडचणींवर काढलेल्या वाटा.

उदाहरणार्थ, विदर्भातले देऊळगाव राजा हे बालाजीच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे, जालना-चिखली रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अशा गावात मिक्सर-पंख्याची दुरुस्ती बाजारात होऊन जाते. पण अमुक कंपनीचाच मेकॅनिक हवा असला, तर बरेचदा जालन्याहून कोणी येईपर्यंत थांबावे लागते. तोवर घरातल्या माणसाने काय काय तपासून ठेवावे, हा प्रश्न डोळसालाही पडतोच.

अंधांनी घरातल्या वस्तू दुरुस्त करण्याची महाराष्ट्रातली परंपरा जुनी आहे. ती विजेच्या उपकरणांपासून नव्हे, खुर्चीपासून सुरू होते. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड म्हणजे ‘नॅब’ आणि पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन उभी राहिली. अंधशाळांमध्ये आणि कार्यशाळांमध्ये वर्षानुवर्षे शिकवला गेलेला धंदा म्हणजे वेताच्या खुर्च्या विणणे. सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या विणणाऱ्याचे पद असे आणि त्यावर अंध कारागीर नेमले जात. बैठकीच्या चौकटीला कडेने भोके असतात. भिजवून मऊ केलेली वेताची पट्टी त्यांतून आधी उभी, मग आडवी, पुन्हा उभी-आडवी आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरकी ओवली की आठकोनी जाळी तयार होते. भोके बोटांनी मोजली जातात, ताण अंगठ्याने दाबून पाहिला जातो. एक पट्टी सैल राहिली तर ते पुढच्या ओळीतच हाताला कळते, म्हणून चूक तिथल्या तिथे सुटते. प्लास्टिकच्या साच्यातल्या खुर्च्या आल्या आणि या धंद्याची मागणी ओसरली. संस्थांनी अंधांना एकाच चाकोरीत फार काळ ठेवले, हा आक्षेपही रास्त आहे. तरी मोजून पुढे जाण्याची ही सवय लागलेला हात घरातल्या बाजेची ढिली नवार ताणायला किंवा नायलॉनच्या पट्टीची खुर्ची नव्याने विणायला आजही तयार असतो.

यंत्रांशीही अंधांचे वाकडे नाही. अमेरिकेतले अभियंते राल्फ टीटर यांची दृष्टी पाचव्या वर्षी गेली. मोटारीचा वेग आपोआप एकसारखा राखणाऱ्या यंत्रणेचे पेटंट त्यांना १९५० साली मिळाले आणि १९५८ मध्ये ती क्रायस्लरच्या गाड्यांत आली.

दुरुस्तीला बसण्याआधी जागा तयार करावी लागते. खाली जाड चादर अंथरली की पडलेला स्क्रू उसळत नाही. कडेची परात मांडून तिच्यात वाट्या ओळीने ठेवायच्या आणि उघडलेला पहिला स्क्रू डावीकडच्या पहिल्या वाटीत टाकायचा. जोडताना उजवीकडून उलटे यायचे. लोखंडी स्क्रूसाठी एखादे चुंबक जवळ असावे. ‘मागची पट्टी काढली, लांब स्क्रू दोन, आखूड एक’ असे मोबाइलवर बोलून ठेवले, तर अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या दिवशीही सांधता येते. हत्यारे ठरलेल्या जागी असणे डोळसांसाठी सोय आहे, अंधांसाठी गरज. पक्कड ‘नीट आवरून’ भलत्याच कपाटात ठेवणारे घरचे लोक हा या कामातला सर्वांत मोठा उपद्रव.

मग प्रश्न विजेचा. घरात २३० व्होल्ट असतात आणि ते अंध-डोळस भेद करत नाहीत. प्लग असलेली वस्तू असेल, तर प्लग काढून पिना हातात धरल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असू शकते. छताच्या पंख्याला प्लग नसतो, तिथे एमसीबी पाडावा लागतो. त्याची दांडी सर्वसाधारणपणे वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. हे बोटाला कळते. त्याच लाइनवर रेडिओ लावून तो बंद पडला का ते ऐकावे, असा एक उपाय सांगितला जातो. लोडशेडिंगच्या मुलखात तो दगा देऊ शकतो. रेडिओ गप्प झाला तो एमसीबीमुळे की वीज गेल्यामुळे, हे आवाजावरून कळत नाही, आणि गेलेली वीज काम चालू असतानाच परत येते. शिवाय इन्व्हर्टर असलेल्या घरात पंखे आणि दिवे वेगळ्या लाइनवर असतात. मुख्य स्विच पाडला तरी त्यांत प्रवाह राहतो. म्हणून एमसीबीची दांडी खाली करून तिच्यावर चिकटपट्टी लावायची, इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवायचे.

दिवा लागणारा साधा टेस्टर अंधाच्या कामाचा नाही. त्याऐवजी ‘बीप’ वाजणारा, तारेला न टेकवता चालणारा टेस्टर मिळतो. तो आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटजवळ वाजवून पाहावा, म्हणजे त्याचा सेल संपलेला नाही हे कळते. तरीही निव्वळ त्याच्या मौनावर विसंबून तारेला हात लावू नये. याहून उपयोगी आहे ते बझर असलेले मल्टिमीटर. वस्तूच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. पण बोटाला तिन्ही सारख्याच. प्लग बाहेर काढून मीटरचे एक टोक पिनेला आणि दुसरे तारेच्या टोकाला लावले, की जी तार बीप देते ती त्या पिनेची. लांब आणि जाड पिन अर्थिंगची असते. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यास अर्थिंगचे भोक वर, फेजचे उजवीकडे आणि न्यूट्रलचे डावीकडे येते. एकदा ओळखलेल्या तारांना दोऱ्याच्या गाठी बांधतात, उदाहरणार्थ फेजला एक, न्यूट्रलला दोन, अर्थिंगला तीन. रंगाचे काम गाठ करते. भिंतीतले वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनचेच.

मिक्सर बंद पडला तर त्याच्या बुडाशी असलेले छोटे बटण आधी चाचपावे. जास्त भार आला की ते बाहेर येते. मोटार थंड झाल्यावर आत दाबले की ‘टक्’ वाजते आणि मिक्सर बहुधा चालू होतो. मोटार नुसती गुंगुं करत असेल आणि पाते फिरत नसेल, तर प्लग काढून भांड्याच्या खालच्या चाकीला धरून फिरवून पाहावे. अडकलेले पाते तिथेच कळते. पात्याकडून हात घालायची गरज नाही आणि घालूही नये. मोटार हलक्या आवाजात जोरात पळते पण चटणी तशीच राहते, तेव्हा कपलर झिजलेला असतो. चांगल्या कपलरचे दात बोटाला ठळक लागतात; झिजलेल्याचे गोल झालेले असतात आणि बोटाला रबराची भुकटी लागते. जुना कपलर दुकानात नेऊन दात मोजून तसाच नवा घेता येतो. तो काढताना बरेचदा नेहमीच्या उलट दिशेने फिरवावा लागतो, त्यामुळे न सुटणाऱ्या कपलरवर लगेच जोर करू नये. जळक्या वार्निशचा वास बराच वेळ रेंगाळत असेल, तर वाइंडिंग गेले असे समजून मिक्सर सरळ दुकानात द्यावा.

छताचा पंखा सगळ्याच वेगांवर मंद झाला किंवा गुणगुणत जागीच थांबला, तर संशय आधी कपॅसिटरवर घ्यावा. बाजारात त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात आणि घरगुती पंख्याला तो बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. वीज बंद करून पाते हाताने ढकलावे. ते खरखर न करता सहज काही फेरे घेत असेल, तर बेअरिंग ठीक आहे. बंद पंख्याच्या कपॅसिटरमध्येही थोडा भार उरतो. मूठ प्लास्टिकची असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने त्याच्या दोन्ही तारा क्षणभर जोडून मगच हात लावतात. हेलकावणाऱ्या पंख्याचे मोजमाप काठीने होते. काठीचे टोक छताच्या एका खुणेला टेकवायचे, पात्याचे टोक काठीवर जिथे येते तिथे अंगठा धरायचा, मग पंखा फिरवून पुढचे पाते त्याच जागी आणायचे. जे पाते अंगठ्याच्या वर किंवा खाली येते, त्याचे स्क्रू तपासायचे. स्टूल धरायला मात्र माणूस लागतो. तो डोळसालाही लागतोच.

देऊळगाव राजाच्या भागातले खरे निकडीचे यंत्र म्हणजे कूलर. पारा चाळिशीपार गेला की त्याचे बंद पडणे चालत नाही. पंख्याचा आवाज आहे पण गवतावर पाणी झिरपण्याचा आवाज नाही, म्हणजे पंप अडकला. प्लग काढून पंप बाहेर घ्यावा, पुढची जाळी उघडावी आणि आतली छोटी चकती बोटाने फिरवावी. जड पाण्याचा खर बसून ती घट्ट झालेली असते. लिंबाच्या पाण्यात ठेवून धुतली की सुटते. पंप चालतो पण हवा गरमच येते, तेव्हा कूलर थोडा वेळ चालवून, पुन्हा प्लग काढून, तिन्ही बाजूंचे गवत हाताने चाचपावे. जिथे कोरडे लागेल, तिथे वरच्या नळीची भोके बुजलेली असतात. खराट्याची काडी त्यांना पुरते.

कूलरच्या शॉकने मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पत्र्याची बॉडी, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आले, की पंपाच्या वायरीवरचा एक तडाही जीव घेतो. अंध माणूस खोलीत वावरताना वस्तूंना हात लावत जातो. त्यामुळे चालू कूलरच्या पत्र्याशी त्याचा हात डोळसापेक्षा जास्त वेळा जातो. त्याने हंगामाच्या सुरुवातीलाच एक तपासणी करावी. प्लग बाहेर काढून बझरच्या मीटरचे एक टोक लांब पिनेला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या, रंग नसलेल्या स्क्रूला लावावे. बीप आला तर बॉडी अर्थिंगच्या पिनेला जोडलेली आहे. आला नाही, किंवा प्लगला पिनाच दोन असल्या, तर वायर बदलेपर्यंत तो कूलर लावू नये. भिंतीतले अर्थिंग खरे आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबले की दांडी पडल्याचा आवाज येतो.

नळाचे काम त्या मानाने सोपे. वरचा कॉक बंद करून जुन्या घडणीचा नळ उघडला, की झिजलेल्या वॉशरवरची गोल खाच नखाला लागते. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वॉशर नसतो. त्यांचा आतला गाभाच बदलावा लागतो. टेफ्लॉन टेप आटे घट्ट करण्याच्या दिशेने गुंडाळावी; उलटी गुंडाळलेली टेप नळ फिरवताना सुटून बोटाला लागते. सांधा गळतो का हे पाहायला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा त्याभोवती धरावा. ओलावा पाण्याने ओल्या झालेल्या हाताला कळत नाही, कागदावर कळतो. दार खाली टेकून घासत असेल तर बिजागरीचे स्क्रू तपासावेत. भोक मोठे झाले असल्यास त्यात फेव्हिकॉल लावलेल्या आगकाड्या ठोकून स्क्रू पुन्हा बसवतात.

गॅसच्या बाबतीत फक्त शोध स्वतः घ्यायचा, दुरुस्ती नाही. वास आला तर शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नये आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून दार उघडे ठेवणे महत्त्वाचे.

छापील आकड्यांची अडचण मोबाइलने बरीच कमी केली आहे. कॅमेऱ्यासमोर धरलेला मजकूर वाचून दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. डेन्मार्कमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या ‘बी माय आइज’मधून डोळस स्वयंसेवकाला व्हिडिओवर वस्तू दाखवता येते. भाच्याला लावलेला व्हॉट्सअ‍ॅप कॉलही तेच काम करतो, आणि त्याला आपली भाषा समजवावी लागत नाही.

अवघड झाली आहेत ती नवी उपकरणे. फिरवण्याच्या बटणाला खटके असतात. काचेच्या सपाट टचपॅनेलला काहीच नसते. वॉशिंग मशीनच्या आणि इंडक्शन शेगडीच्या पॅनेलवर नेमक्या जागी फुगीर टिकल्या किंवा एम-सीलचे थेंब लावून घरोघरी वाट काढली जाते. टिकली बटणाच्या कडेला लावावी, बटणावरच लावली तर काही पॅनेले स्पर्श ओळखत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४३ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा घडणीच्या ग्राहकोपयोगी वस्तूंना सरकारने चालना द्यावी असे म्हटले आहे. दुकानात मात्र काचेची पॅनेलेच वाढत आहेत. तोवर खरेदीच्या वेळी यंत्र चालू करून, डोळे न वापरता एक पूर्ण फेरी लावता येते का, हे दुकानातच करून पाहावे. खटक्यांची बटणे असलेले सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन बाजारात अजून मिळते, आणि त्याची मागची पट्टी साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडते.