फुटपाथवरची बचत आणि धर्मांचा शेजार

गरीब वस्तीत धर्मसलोखा कशाने टिकतो, या प्रश्नावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत परिषदा उदंड झाल्या, सर्वधर्म प्रार्थना झाल्या, मौलवी, महंत आणि फादर यांचे एकत्र फोटो छापून आले. तो इतिहास इथे सांगत बसत नाही. अशा व्यासपीठामुळे एखाद्या वस्तीत नळ आला, असे उदाहरण मला अजून कोणी दाखवलेले नाही. दोन धर्मांची माणसे जिथे रोज एकमेकांच्या पैशाला आणि शब्दाला जामीन राहतात, तिथेच सलोखा मूळ धरतो, हे माझे जुने मत आहे. त्याचा भक्कम पुरावा मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर मिळतो.

जुलै १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या झोपड्या हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण झोपड्या हटवण्याची वाटही मोकळी ठेवली. त्या सावटाखाली 'स्पार्क' या वर्षभरापूर्वी निघालेल्या संस्थेने फुटपाथवासीयांची मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे भरली. त्यातूनच पुढे 'महिला मिलन' ही फुटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली. पहिल्या फळीत मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या, त्यांच्या बरोबरीने हिंदू बायकाही होत्या. जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासी महासंघ त्यांच्या पाठीशी होता. या बायकांनी आधी रेशनकार्ड मिळवण्याचा मार्ग शोधला, मग रोजची बचत सुरू केली. गोळा करणारी बाई झोपडीझोपडीतून फिरे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी हिशेबाला रंगीत कागदाचे तुकडे वापरले, एकेका रकमेला एकेक रंग. कोणाचे मूल आजारी पडले, कोणाची रोजी बुडाली, तर कर्ज द्यायचे की नाही हे तिचे घर जाणणाऱ्या शेजारणीच ठरवत. शबानाने लक्ष्मीसाठी शब्द टाकायचा आणि लक्ष्मीने शबानाची परतफेड बघायची, असा हा व्यवहार आहे. कोणाचा देव कोणता, हा प्रश्न त्यात विचारावाच लागत नाही. घरे, संडास, पुनर्वसन ही पुढची सगळी कामे या ओळखीवर उभी राहिली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ही वर्गाची एकजूट आहे, धर्माचा तिच्याशी संबंध काय? आक्षेप घेणारे विसरतात की, गरिबी समान असूनही गरीब वस्त्या पेटल्या आहेत. समान गरजेतून एकजूट आपोआप येत नाही, तिला रोजचे काम लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुंबईतली १९९२-९३ ची दंगल अशा कामाने का थांबली नाही? संपूर्ण मुंबई सावरण्याएवढे हे जाळे मोठे नव्हते, हे खरेच. पण शेजारच्या भिवंडीकडे पाहा. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींत होरपळलेल्या या गावात पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. ते काम पोलिसांच्या पुढाकाराने झाले म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की, समितीतल्या हिंदू-मुस्लिम माणसांची नियमित बैठक पोलिसांऐवजी आपण भरवली असती, तर ती खोटी ठरली असती का? राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ च्या ग्रंथात शहरांबाबत हेच मांडले: तिथे नुसती शेजारओळख पुरत नाही, दोन्ही समाजांची मिळून बांधलेली संघटना लागते.

आता चित्र उलटे होत चालले आहे. बचतगट गावोगावी आहेत, पण बरेचसे एकाच आळीचे, एकाच जातीचे, एकाच धर्माचे. ओळखीच्या बायका लवकर जमतात, कागद लवकर होतात, बँकेलाही ते सोयीचे पडते. सोय खरी असली तरी तिची किंमत मोठी आहे. शिवाय पुनर्विकासात वस्त्या पांगतात आणि वर्षानुवर्षांचे जामीन घरांच्या एका सोडतीत वेगवेगळ्या इमारतींत जातात. सलोख्याच्या नावाने निधी देणाऱ्यांनी आणि मागणाऱ्यांनी यापुढे एक अट घालावी: दोन्ही धर्मांच्या बायका ज्या गटात पैसे ठेवतात आणि कर्ज ठरवतात, त्या गटालाच पहिला पैसा द्यावा.