अलोहा पद्धती

एकमेकांशी कोणतीही पूर्वयोजना न ठरविता अनेक प्रेषक केंद्रांनी एकच रेडिओ मार्ग सामाईक वापरण्याची संदेशवहन पद्धती. बिनतारी जालांमधील यदृच्छ प्रवेशाच्या बहुतेक रीती तिच्यापासून निघालेल्या आहेत. ‘अलोहा’ हा हवाई भाषेतील शब्द भेटताना व निरोप घेताना अभिवादन म्हणून उच्चारला जातो.

हवाई विद्यापीठाचे मुख्य आवार ओआहू बेटावर असून त्याची महाविद्यालये इतर बेटांवरही आहेत. दूरची केंद्रे मुख्य संगणकाशी रेडिओने जोडण्याच्या प्रकल्पास १९६८ मध्ये प्रारंभ झाला आणि नॉर्मन एब्रॅमसन (१९३२–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली जून १९७१ मध्ये जाल कार्यान्वित झाले. केंद्रांकडून येणाऱ्या संदेशांसाठी ४०७·३५० मेगॅहर्ट्‌झ व उलट दिशेने ४१३·४७५ मेगॅहर्ट्‌झ अशा दोन कंप्रता योजिल्या होत्या. संदेशांची देवघेव सांभाळणाऱ्या लहान संगणकास ‘मेनेहुने’ म्हणजे हवाई लोककथांतील बुटक्या, कसबी लोकांचे नाव दिलेले होते.

परतीच्या कंप्रतेवर एकटा मेनेहुनेच बोलत असल्याने तेथे अडचण नव्हती. खरा प्रश्न येणाऱ्या संदेशांचा होता. एक संदेशखंड जास्तीत जास्त ७०४ बिटांचा असे आणि दर सेकंदास ९,६०० बिट या वेगाने तो सु. ०·०७३ सेकंदात संपे. कळफलकापुढे बसलेला मनुष्य असा खंड अधूनमधून पाठवितो व एरवी स्तब्ध असतो. प्रत्येकास वेळेचा ठराविक वाटा दिला, तर बहुतेक वाटे रिकामे जातात. म्हणून कोणीही केव्हाही पाठवावे, पोच न आल्यास टक्कर झाली असे समजावे व काही काळ थांबून पुन्हा पाठवावे, असा नियम केला गेला. थांबण्याचा काळ यदृच्छ असणे आवश्यक असते, नाहीतर टक्कर झालेले दोघे पुन्हा एकाच वेळी पाठवितील.

एक खंड सुखरूप पोहोचण्यासाठी त्याच्या आरंभापूर्वी एक खंडकाल व नंतर एक खंडकाल, असे एकूण दोन खंडकाल दुसऱ्या कोणीही प्रेषण सुरू करता कामा नये. प्रेषणे प्वासाँ वितरणानुसार होतात असे मानल्यास मार्गाचा जास्तीत जास्त १८·४ टक्के काळच उपयोगी लागतो. लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९७२ मध्ये काळाचे खंडाएवढे समान कप्पे पाडून कप्प्याच्या आरंभीच प्रेषण करण्याची सुधारणा सुचविली. तीमुळे धोक्याचा काळ निम्मा व कमाल उपयोग दुप्पट, म्हणजे ३६·८ टक्के झाला. या कमाल स्थितीतही ३६·८ टक्के कप्पे रिकामे जातात व २६·४ टक्के टकरीत वाया जातात. हे प्रमाण निराशाजनक वाटते; परंतु कोणताही नियंत्रक नसताना मिळणारे ते फळ आहे, हे विसरता येत नाही.

याहून गंभीर दोष अस्थैर्याचा होय. टकरी झाल्या की पुनःप्रेषणे वाढतात, त्यामुळे टकरी आणखी वाढतात आणि अखेर मार्ग गजबजलेला असूनही काहीच पोहोचत नाही. पाठविण्यास तिष्ठणारी केंद्रे क असतील, तर प्रत्येकाने १/क एवढ्या संभाव्यतेने पाठवावे, हा त्यावरील उपाय आहे. अडचण एवढीच की, क किती हे कोणासच ठाऊक नसते. पुढील बहुतेक रीती म्हणजे ही संख्या अदमासाने काढण्याचे निरनिराळे मार्ग आहेत. दर टकरीनंतर थांबण्याची मर्यादा दुप्पट करणे हा ईथरनेटमधील उपाय होय. मात्र डेव्हिड ऑल्डस यांनी १९८७ मध्ये असे सिद्ध केले की, केंद्रांची संख्या अमर्याद मानल्यास हा उपायही अस्थिरच ठरतो. टक्कर झालेल्यांचे यदृच्छ गट पाडून एकेका गटास संधी देण्याची वृक्षरीती १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत व सोव्हिएट रशियात स्वतंत्रपणे शोधण्यात आली. तिच्या सुधारित रूपांनी ४८·७ टक्क्यांपर्यंत मजल गाठता येते. ५६·८ टक्क्यांपलीकडे जाणे अशक्य आहे हे सिद्ध झालेले आहे. या दोहोंमधील खरी मर्यादा अद्याप अज्ञात आहे.

बोलण्यापूर्वी मार्ग मोकळा आहे का हे ऐकून घेतले, तर टकरी पुष्कळ कमी होतात. तथापि ग्राहकास ऐकू येणारी दोन केंद्रे एकमेकांस ऐकू येतीलच असे नाही. मध्ये टेकडी वा भिंत असली की दोघेही निःशंकपणे एकदम बोलतात. फुआद टोबागी व लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये या ‘लपलेल्या केंद्रा’चे विश्लेषण केले. त्यावर उपाय म्हणून वाय-फायच्या १९९७ मधील पहिल्या मानकात प्रथम लहानशी परवानगी मागण्याची सोय ठेवली गेली. उपग्रहाच्या बाबतीत ऐकणे निरुपयोगीच असते, कारण भूस्थिर उपग्रहामार्गे सु. पाव सेकंदापूर्वीची स्थितीच ऐकू येते. तेथे मूळ अलोहाचेच प्रकार वापरतात.

जीएसएम दूरध्वनी स्वतःसाठी मार्ग मागताना जी पहिली हाक देतो, ती कप्पेबंद अलोहा पद्धतीनेच दिलेली असते. भारतात राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीच्या झालेल्या फास्टॅग चकत्या आणि गोदामांतील मालावरच्या चकत्याही याच कुळातल्या आहेत. वाचक यंत्र प्रथम कप्प्यांची संख्या जाहीर करते व प्रत्येक चकती त्यांतील एक कप्पा यदृच्छ निवडते. फार टकरी आढळल्यास यंत्र पुढील फेरीत कप्पे वाढविते आणि फार कप्पे रिकामे राहिल्यास ते कमी करते.