घोड्याची पापणी आणि पुण्याचे नाक

वर्धा जिल्ह्यातील आष्टीचा परिसर गवळाऊ गोवंशाचा. इथे घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. तबेल्यातला खिळा, बादलीची कडी किंवा कुंपणाची तार पापणीत अडकते, घोडा झटक्याने मान मागे घेतो आणि पापणीची पट्टी फाटून लोंबू लागते. वाळलेल्या चिंधीसारखी ती पट्टी कात्रीने उडवून टाकावी, असे पाहणाऱ्याला वाटते. नेमके तेच करायचे नसते.

पापणी म्हणजे डोळ्याचे नुसते झाकण नव्हे. घोड्याच्या डोळ्याची उघडझाप मुख्यतः वरच्या पापणीने होते. दर वेळी ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. तिची कड गेली की पडदा कोरडा पडतो, कातडीवरचे केस त्यावर घासतात, व्रण होतो. पुढे दृष्टीही जाऊ शकते.

पापणीला रक्तपुरवठा मात्र भरपूर असतो. त्यामुळे सुकल्यासारखी दिसणारी पट्टीही अरुंद देठावर जगते. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्यातील एका शस्त्रक्रियेची हकिगत छापली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या बैलगाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नाक बसवले होते. भुवयांमधल्या देठाने ती कातडी कपाळाशी जोडलेली ठेवली, म्हणून जगली. घोड्याच्या पापणीलाही हाच न्याय लागू पडतो.

ही शस्त्रक्रिया बरेचदा घोडा उभा असतानाच होते. गुंगीचे औषध देऊन पापणीच्या नसा बधिर करतात. जखम धुऊन अगदी मेलेला भाग तेवढाच काढतात. टाके दोन थरांत घालतात, आधी आतला थर, मग कातडी. कडेवरचा टाका इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो, म्हणजे दोन्ही कडा समपातळीत जुळतात. गाठ बुबुळाला लागता कामा नये. तुकडा हरवलाच असेल, तर शेजारची कातडी सरकवून पापणी घडवावी लागते.

अशक्त शिंगरांची पापणी कधी आत वळते. तिथे बहुधा कातडी कापत नाहीत. तात्पुरत्या टाक्यांनी पापणी बाहेर ओढून धरतात. शिंगरू भरू लागले की ती बहुधा आपोआप सरळ होते.

डॉक्टर येईपर्यंत मालकाच्या हाती एवढेच असते: पट्टी कापू नये, स्वच्छ ओल्या कापडाने ती ओलसर ठेवावी, घोड्याला डोळा घासू देऊ नये, घरातले उरलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल, तर बुबुळावरचा व्रण चिघळतो. आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे.