परसांतील खोपीचा सांगाडा

घराच्या मागल्या अंगाला, विहिरीच्या पलीकडे, एक लहानशी खोपी असावी; तींत सरपण, सोडणें, फावडीं-कुदळी, जुनी सायकल आणि घरांत कोठेंच न मावणाऱ्या वस्तु निमूटपणें नांदाव्या, ही इच्छा परसूं असलेल्या प्रत्येक गृहस्थाला केव्हां ना केव्हां होतेच. आणि ज्याला हातोडा धरण्याची थोडीबहुत हौस आहे, त्याला पुढें असेंही वाटूं लागतें कीं, एवढ्याशा कामाला सुतार कशाला? चार खांब, चार आडवीं लांकडें, वर पत्रा, झालें! मलाही तसेंच वाटलें होतें. त्या वाटण्याचें पुढें काय झालें, आणि त्यांतून मी काय शिकलों, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यांत, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत असलेल्या आमच्या गांवच्या घरीं, मीं आठ फूट लांब व सहा फूट रुंद अशी खोपी स्वतःच्या हातांनीं उभी केली. खांब मातींत पुरले, त्यांच्या माथ्यावर तुळया ठोकल्या, तुळयांवर वासे आणि वाशांवर पत्रे. दिसावयास ती सुरेख दिसत होती. पहिल्याच पावसाळ्यांत ती पूर्वेकडे झुकली. मीं तिला एका बांबूचा टेकू दिला आणि मुंबईस परत गेलों. पुढल्या वर्षीं, ३ जून २०२० रोजीं, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. कांहीं दिवसांनीं गांवीं जाऊन पाहतों तों चार खांब वांकडेतिकडे उभे, आणि छप्पर नाहींसें झालेलें! तुळयांत खिळ्यांचीं भोंकें तेवढीं शिल्लक होतीं.

शेजारच्या काकू कुंपणापाशीं येऊन म्हणाल्या, “अरे, तुझी खोपी आमच्याकडे पाहुणी म्हणून आली होती रे!” मी हसलों. मग त्यांनीं मला त्यांच्या पडवींत नेलें. ज्या कोपऱ्यांत बसून त्या रोज सुपारी सोलतात, त्याच कोपऱ्यांतल्या खांबांत माझ्या पत्र्याची कड बोटभर खोल रुतलेली होती. वादळाची सूचना मिळाल्यामुळें त्या दिवशीं सारीं माणसें माजघरांत बसलीं होतीं, म्हणून निभावलें. माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. आपल्या परसांतील खोपी ही आपली खासगी हौस आहे, ही समजूत त्या क्षणीं गळून पडली.

त्याच सुमारास वाडींतील एक वृद्ध सुतारकाका तेथें आले. खांब, तुळया, खिळ्यांचीं भोंकें, सर्व न्याहाळून ते एवढेंच म्हणाले, “भाऊ, लांकडाचा दोष नाहीं. तुम्हीं वजन धरलेंत, वारा धरला नाहींत.” त्या एका वाक्याचा अर्थ उलगडून सांगणें, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोणत्याही सांगाड्यावर तीन दिशांनीं जोर पडतो. पहिला खालीं, म्हणजे वजनाचा. तो सर्वांनाच सुचतो, आणि एवढ्या लहान बांधकामांत तो सर्वांत सोपा. दुसरा आडवा; वारा भिंतीस ढकलतो त्याचा. तिसरा वर, छपरावरून वेगानें वाहणारा वारा छप्पर उचलूं पाहतो त्याचा. नवशिका मनुष्य पहिल्याची तरतूद करतो, आणि दुसरे दोन त्याच्या गांवींही नसतात.

तिसऱ्या जोराचा हिशेब आधीं करूं. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. ताशीं १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारें ४७ किलो वजनाइतका भरतो. माझ्या खोपीचें छप्पर, बाहेर आलेल्या वळचणीसह, ८० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर होतें. वर ओढणारा जोर या दाबाएवढा धरला, तर तो साडेतीनशें किलोंच्या घरांत जातो. छपराच्या कडांना व कोपऱ्यांना ही ओढ याहून अधिक लागते, आणि दार उघडें राहिलें तर आंत शिरलेला वारा खालूनही रेटा देतो. आतां छपराचें स्वतःचें वजन पाहा. पत्रे, रिपा आणि वासे मिळून शंभर किलो झाले तरी पुष्कळ. म्हणजे वादळांत उरलेले अडीचशें किलो कशावर तोललेले होते? मीं वरून सरळ ठोकलेल्या खिळ्यांवर! खिळा आडव्या जोराला चांगला टिकतो. पण ज्या दिशेनें तो ठोकला त्याच दिशेनें उपसला, तर फार लवकर सुटतो. माझे खिळे तसेच सुटले.

आतां आडवा जोर. आपणांपैकीं ज्यांच्याजवळ काडेपेटी असेल त्यांनीं तिचा आंतला खण काढून बाजूला ठेवावा आणि बाहेरचें कवच बोटांत धरून कडेनें दाबावें. तें चटकन् चपटें होतें. त्याच्या चारही बाजूंची लांबी बदललेली नसते. बदलतात ते केवळ कोन. चौकोनाचा हा स्वभावच आहे. त्रिकोणाचें तसें नाहीं. त्याच्या तीन बाजू ठरल्या कीं कोन आपोआप ठरतात, आणि बाजू मोडल्यावांचून तो हलत नाहीं. म्हणून दोन खांब, वरची तुळई व खालचें जोतें यांच्या चौकोनांत एक तिरपें लांकूड बसवलें, कीं त्या चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि भिंत ताठ उभी राहते. आतां काडेपेटींत खण परत सरकवून पाहा; कवच दबत नाहीं. उत्तर अमेरिकेंत सोळा सोळा इंचांवर बारीक खांब्या उभ्या करून त्यांवर फळ्यांचे मोठे तक्ते ठोकण्याची जी रीत आहे, तींत तिरप्या लांकडाचें काम हे तक्ते करतात. आपल्याकडील खांब-तुळयांच्या रचनेंत मात्र तिरपें लांकूड हवेंच. माझ्या पहिल्या खोपींत तें एकही नव्हतें. ती झुकली यांत नवल तें काय?

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं.

प्रथम जागा. नारळाच्या झाडाखालीं खोपी बांधूं नये, आणि पावसाचें पाणी जेथें तुंबतें तेथेंही नाहीं. जागा ठरली कीं चार खुंट्या व सुतळी घेऊन आंखणी करावी. आठ फूट व सहा फूट हें माप मुद्दाम सोयीचें आहे. कोपरा काटकोनांत असेल तर याचा कर्ण बरोबर दहा फूट भरतो. तीन, चार आणि पांच यांचें हें नातें आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रांत, यज्ञवेदीच्या मोजणीच्या संदर्भांत, नमूद आहे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण दहा-दहा फूट आले, म्हणजे आंखणी गुण्यांत आली असें समजावें. येथें एक इंचाची चूक राहिली, तर ती पुढें प्रत्येक वाशाशीं आणि प्रत्येक पत्र्याशीं भांडत राहते.

दुसरें काम पायाचें. खांब सहा घ्यावेत. चार कोपऱ्यांवर, आणि आठ फुटी बाजूंच्या मध्यावर एकेक. खांब मातींत पुरूं नये. लांकडाचीं टोंकें पाणी शोषून घेतात, आणि ओलावा सुमारें वीस टक्क्यांपलीकडे टिकला कीं बुरशी लांकूड कुजवूं लागते. वाळवीची गोष्ट वेगळी सांगावयास नको. प्रत्येक खांबाखालीं एक फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा ओतावा आणि काँक्रीट ओलें असतांनाच त्यांत जाड लोखंडी पट्ट्यांची बैठक रोवावी. खांब त्या बैठकींत, काँक्रीटपासून बोटभर वर, बोल्टानें आवळावा. असा एक ठोकळा सुमारें शंभर किलोंचा होतो. सहांचे मिळून सहाशें. वारा साडेतीनशें किलोंनीं वर ओढीत असतां खालीं सहाशें किलो धरून बसलेले आहेत, हा हिशेब मनाला स्वस्थता देतो. भोंवतालीं जांभ्याचें फूटभर उंच जोतें बांधावें, म्हणजे वाळवीनें मातीची नळी वर चढवली तर ती डोळ्यांना दिसते आणि वेळींच मोडतां येते.

तिसरें काम खांब उभे करण्याचें. लांकूड साग किंवा ऐन, चांगलें सुकलेलें, चार इंच चौरस असावें. ओलें लांकूड स्वस्त मिळतें. पण तें सुकतांना आडव्या अंगानें आकसतें आणि सांधे ढिले करतें. पुढले खांब आठ फूट व मागले साडेसहा फूट ठेवले, तर सहा फुटांत दीड फूट उतार मिळतो. तो कोंकणच्या पावसांत पत्र्याला पुरतो. प्रत्येक खांब ओळंब्यानें दोन बाजूंनीं तपासावा. पुढून सरळ दिसणारा खांब बाजूनें कललेला असूं शकतो. तपासला कीं लगेच त्याला तात्पुरत्या तिरप्या पट्ट्या ठोकाव्या, आणि कायमचीं तिरपीं लांकडें बसेपर्यंत त्या काढूं नयेत. मीं एक पट्टी अडचण होते म्हणून काढली, आणि अर्ध्या तासाचें काम पुन्हां केलें.

चौथें काम तुळया व तिरपीं लांकडें. तुळई खांबाच्या माथ्यावर बोल्टानें आवळावी. मग चारही भिंतींत, कोपऱ्यांपाशीं, तिरपीं लांकडें बसवावीं. दार ज्या भिंतींत असेल तेथें तें दाराच्या उरलेल्या अर्ध्या भागांत बसतें. वारा कोणत्याही दिशेनें येतो, म्हणून एका भिंतीला तिरपें लांकूड देऊन दुसरी मोकळी सोडण्यांत अर्थ नाहीं.

पांचवें काम वाशांचें. वासे दोन फुटांवर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ठेवावेत. येथें नवशिक्याची एक ठराविक चूक होते. आठ फुटांत दोन फुटांचे गाळे चार पडतात, म्हणून तो वासेही चार आणतो. पण चार गाळ्यांना पांच वासे लागतात. तुळईवर वासा नीट बसावा म्हणून त्याला खालून खाच पाडतात. ती वाशाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून अधिक खोल नसावी, नाहींतर वासा नेमका तेथेंच चिरतो. आणि आतां सर्वांत महत्त्वाचें. प्रत्येक वाशावरून गंज न धरणारी लोखंडी पट्टी घेऊन ती दोन्ही अंगांनीं तुळईवर उतरवावी आणि आडव्या खिळ्यांनीं ठोकावी. आतां वाऱ्यानें छप्पर उचलूं म्हटलें तरी खिळे उपसले जात नाहींत. त्यांवर आडवा जोर येतो, आणि तो ते सोसतात. वाशांवर रिपा ठोकतांनाही हेंच पथ्य. नुसत्या खिळ्यावर विसंबूं नये. पत्र्याचे हूक किंवा स्क्रू, रबरी चकतीसह, पन्हळीच्या माथ्यावर घ्यावेत, खळग्यांत नव्हे. खळग्यांतून पाणी वाहतें. कडांना ते अधिक दाट असावेत.

अशा रीतीनें पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, आणि खांब जमिनींतल्या ठोकळ्याला बांधला गेला, म्हणजे एक अखंड सांखळी तयार होते. सांखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी असते. माझ्या पहिल्या खोपींत पत्रे वाशांना पक्के होते. म्हणूनच तर सारें छप्पर, वाशांसकट, एका तुकड्यांत काकूंच्या आगरांत जाऊन पडलें, आणि तेथें आपटून त्यांतला एक पत्रा पडवींत शिरला!

२०२० च्या हिवाळ्यांत, सुतारकाकांच्या देखरेखीखालीं, मीं खोपी पुन्हां बांधली. हात माझे, डोळे त्यांचे. पुढच्या मे महिन्यांत, १६ व १७ मे २०२१ रोजीं, ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रांतून गुजरातकडे गेलें. त्या रात्रीं मला मुंबईंत झोंप लागली नाहीं. सकाळीं काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “यंदा कांहीं पाहुणी आली नाहीं हो तुझी!” वादळाची वाट दूर समुद्रांतून गेली, हें खरें, तेव्हां एवढ्यावरून मी छाती फुगवणार नाहीं. पण खांब ओळंब्यांत होते, आणि एका स्क्रूची रबरी चकती सैल होऊन थोडें पाणी गळण्यापलीकडे कांहीं बिघडलें नव्हतें.

तेव्हां, श्रोतेहो, ज्यांना परसूं आहे आणि हौस आहे, त्यांनीं खोपी अवश्य बांधावी. स्वतः उभा केलेला खांब ओळंब्यांत आला, हें पाहण्यांत जें समाधान आहे, तें विकत मिळत नाहीं. मात्र माप याहून मोठें असेल, किंवा माणसें आंत राहावयाचीं असतील, तर जाणत्या इंजिनिअराचा सल्ला घ्यावा. आणि खोपी लहान असली तरी दर वर्षीं मृगापूर्वीं एकदां ओळंबा, पाना व हातोडा घेऊन तिच्याभोंवतीं फेरी मारावी. बोल्ट आवळावे, पट्ट्यांवरील गंज पाहावा, वाळवीच्या नळ्या मोडाव्या. आपली खोपी आपल्याच परसांत राहील, एवढें शेजाऱ्याचें देणें आपण लागतों.